वजा दोन फ्रेम

१

रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्या घरात मारामारी सुरू व्हायची. दोघे भाऊ, दोघांचेही केस पिकलेले, टीव्हीसमोर खुर्च्या ओढून बसायचे आणि एकमेकांना बदडून काढायचे. पडद्यावर, अर्थात. दादाचा टकल्या आणि धाकट्याचा वेणीवाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन विचारलंही होतं, की तुमच्याकडे दर रविवारी कोण कोणाला मारतं हो? दादाने त्यांना आपली खुर्ची दिली आणि हातात गेमचा रिमोट ठेवला. बाईंनी वेणीवाल्याला तीन लाथा घातल्या, आणि त्यानंतर तक्रार म्हणून केली नाही.

गेम चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो दुकानातल्या उभ्या लाकडी मशीनवर असायचा. एक चौक, चौकात कारंजं, भोवती बघ्यांची गर्दी आणि मध्ये दोन पैलवान. तो इतका गाजला, की पुढे घरी टीव्हीला जोडायच्या झाडून सगळ्या यंत्रांसाठी त्याच्या कॅसेटी निघाल्या. या घरगुती आवृत्त्यांना पोर्ट म्हणतात. यंत्रं मशीनपेक्षा अशक्त, त्यामुळे प्रत्येक पोर्टमध्ये काही ना काही गळालंच. एकात गर्दीतली तेवीस माणसं नऊवर आली. एकात कारंजं वाहायचंच थांबलं. एकात तर टकल्याची लाथ बसली की कोणी तरी उशी झटकल्यासारखा आवाज यायचा. दादा त्याला 'गादीवाला पोर्ट' म्हणायचा आणि हसून हसून खोकायचा.

धाकट्याकडे असे अकरा पोर्ट होते, आणि मूळ मशीनसुद्धा. कोणता किती खरा उतरलाय हे मोजणं हा त्याचा छंद. छंद कसला, व्यसनच. नोकरीसुद्धा तसलीच: दुकानांचे, कारखान्यांचे वजनकाटे तपासून शिक्का मारायचा. आठवडाभर काट्यांचा खोटेपणा पकडायचा आणि रविवारी गेमचा. ज्या मासिकात त्याचे तुलनेचे लेख यायचे तिथली मंडळी त्याला 'फुटपट्टी' म्हणायची. त्याला ते आवडायचं, पण तसं त्याने कधी दाखवलं नाही.

दादा दहा वर्षांनी मोठा. जन्मभर बंदरावर क्रेन चालवली. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकट्याची दप्तरं, डबे, आजारपणं सगळं त्यानेच काढलं. दोघांनीही लग्न केलं नाही, का, असं कोणी विचारलं तर दादा म्हणायचा, "या फुटपट्टीला कोण पसंत करणार, आणि याला टाकून मी कुठे जाणार?" मागच्या वर्षी दादाच्या छातीत कळ आली. अकरा दिवस इस्पितळात काढून तो घरी आला, गोळ्या घेऊ लागला, जिना हळू चढू लागला. तेव्हापासून धाकटा रात्री उठून त्याचा श्वास ऐकायचा. दादा नसला तर या घरात आपण कोणाशी भांडायचं, या एका विचाराने त्याची झोप उडायची.

२

बारावी कॅसेट जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. राखाडी, वर चिठ्ठी नाही, कंपनीचं नाव नाही. दुकानवाली बाई म्हणाली, "लागते की नाही ते मला विचारू नका. घेऊन जा, नाही लागली तर परत आणून द्या. लागली तरी आणून द्या, मला बघायचंय काय आहे ते."

लागली. आणि चित्र असं उमटलं, की दोघेही पुढे सरकून बसले. गर्दी पूर्ण, तेवीसच्या तेवीस. कारंजं वाहतंय. आवाज मशीनसारखा.

"गादी नाही," दादा म्हणाला.

"थांब, अजून उशीर मोजायचाय."

आता हा उशीर म्हणजे धाकट्याच्या कामाचा गाभा. बटण दाबलं की पैलवानाचा हात लगेच उठत नाही, मध्ये थोडा वेळ जातो. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं. मूळ मशीनचा उशीर तीन फ्रेमचा. चांगल्या पोर्टचा चार, वाईटाचा नऊ. डोळ्यांना तो दिसत नाही, हाताला कळतो. मोजायची पद्धत धाकट्याचीच: रिमोटच्या बटणाला तारेने एक बारीक लाल दिवा जोडलेला, बटण दाबलं की तो लागतो. दिवा आणि टीव्ही दोन्ही दिसतील असा कॅमेरा लावायचा, आणि मग चित्रीकरण अगदी सावकाश पुढे सरकवत मोजायचं, की दिवा लागल्यापासून हात उठेपर्यंत किती फ्रेम गेल्या.

त्याने दहा ठोसे मारले, कॅमेरा बंद केला आणि मोजायला बसला. दादा बाजूला शेंगदाणे सोलत होता.

पहिल्या ठोशाला वेणीवाल्याचा हात उठला. दिवा विझलेलाच होता. एक फ्रेम गेली, दुसरी गेली, आणि मग दिवा लागला.

दहाच्या दहा ठोशांना तसंच. धाकट्याने वहीत 'उशीर' या रकान्यात आधी दोन लिहिलं, मग बराच वेळ पेन हातात धरून बसला, आणि दोनाच्या आधी एक बारीक आडवी रेघ ओढली. वजा दोन.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. दिवा बिघडलाय."

३

दिवा बिघडला नव्हता. धाकट्याने आठवडाभरात दिवा बदलला, तार बदलली, रिमोट बदलला, कॅमेरा शेजाऱ्यांचा आणला, टीव्ही बदलला. तेच सगळं जोडून गादीवाला पोर्ट मोजला, तर तो इमानदारीत नऊ फ्रेम उशिरा. काटा खरा आहे हे सिद्ध झालं, म्हणजे वजनच चमत्कारिक असणार. आयुष्यभर धाकट्याने नेमकं उलटं बघितलं होतं.

पुढच्या रविवारी कॅसेट परत लावली तेव्हा मोजायला कॅमेराही लागला नाही. साध्या डोळ्यांना दिसत होतं. वेणीवाला उडी मारायचा, आणि एक अख्खा सेकंद गेल्यावर धाकट्याचा अंगठा बटणावर पडायचा.

त्याने ठरवलं, आता दाबायचंच नाही. बघू या कोण खोटं ठरतं. पडद्यावर वेणीवाल्याने ठोसा मारला. धाकट्याने अंगठा उचलून धरला. आणि त्याला शिंक आली, सगळं अंग हललं, अंगठा बटणावर आपटला. पुन्हा ठोसा. या वेळी त्याने रिमोट चक्क मांडीवर ठेवून दिला. रिमोट घसरला, तो पकडायला हात गेला आणि बोट बटणावरच पडलं. तिसऱ्या वेळी तो दोन्ही हात बगलेत घालून बसला, तेवढ्यात दादाने रिमोट उचलून त्याच्या हातात कोंबला. "अरे, पुतळा झालायस काय? खेळ की!" कोंबताना दादाच्याच बोटाने बटण दाबलं गेलं.

धाकट्याच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली का? वाटली की. पण निव्वळ भीती नव्हती ती. लहानपणी दादाने त्याला एकदा क्रेनच्या वरच्या खोलीत नेलं होतं. खाली बघितलं तर अख्खं बंदर, माणसं मुंग्यांएवढी, आणि लांबून एक जहाज येताना दिसत होतं, जे धक्क्यावरच्या कोणालाच अजून दिसत नव्हतं. तेव्हा जसं वाटलं होतं तसंच आज वाटलं. बाप रे, केवढं हे, असं. त्याला रडू आल्यासारखं वाटलं आणि ते का, हे काही त्याला सांगता आलं नसतं.

४

तिसऱ्या रविवारी दादापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कॅसेट लावली, आणि दोघांनी रिमोट हातात घ्यायच्या आधीच चौकात टकल्या आणि वेणीवाला भिडलेले होते. धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरून मोजलं. टकल्याच्या पहिल्या लाथेपासून दादाने ती लाथ मारेपर्यंत पंचेचाळीस सेकंद.

मग त्याने दादाला सगळं सांगितलं. वजा दोनपासून.

दादाने ऐकून घेतलं. हातातल्या रिमोटकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "म्हणजे मी अजून मारलेलं नाही ते हा मारून बसलाय?"

"हो."

"आणि मी नाही मारलं तर?"

"मारतोस. मी करून बघितलंय."

धाकट्याला वाटलं, आता हा उठून वायर खेचणार. पण दादाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, अगदी पोरासारखं. "अरे फुटपट्ट्या, इतकी वर्षं आपल्या मागे राहणारे डबे गोळा केलेस. हा एक पठ्ठ्या आपल्या पुढे निघालाय! बंद करशील तर बघ."

मग ते खेळले. म्हणजे काय केलं ते नीट सांगणं कठीण आहे. पडद्यावर त्यांचीच पाऊण मिनिटानंतरची लढत चालली होती आणि हात आपसूक तिच्यामागून जात होते. दोघांना माहीत होतं की पुढे काय आहे, आणि तरी त्या त्या क्षणी प्रत्येक ठोसा मनापासून मारावासा वाटत होता. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओढत नव्हतं. दादाचा टकल्या असा काही खेळला, की धाकट्याने तो तसा कधी बघितला नव्हता. खोलीत बटणांची खटखट, बाहेर कोणाच्या तरी गच्चीत गालिचा झटकल्याचा आवाज, आणि दुपारचं ऊन फरशीवर आलेलं. गर्दीतली ती तेवीस माणसं हात उंचावून ओरडत होती. धाकट्याच्या मनात आलं, आपण कोणत्या तरी फार मोठ्या जागी चपला न काढता आलो आहोत.

"काय सुंदर आहे रे," दादा हळूच म्हणाला. आयुष्यात त्याने हा शब्द कशाबद्दल वापरला असेल तर क्रेनबद्दल.

५

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पडद्यावरचा टकल्या उभा राहिला.

मार खाऊन नव्हे. चालता चालता थांबला आणि तसाच राहिला. रिमोट कोणाच्या हातात नसला की पैलवान कसा उभा राहतो ते धाकट्याला पाठ होतं: गुडघे किंचित वाकलेले, खांदे श्वासाबरोबर वरखाली, नजर समोर. इकडे दादाची बटणं जोरात चालू होती. दादा हसत होता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण खेळताना तो त्याला नेहमीच यायचा.

पंचेचाळीस सेकंद. पंचेचाळीस सेकंदांनी दादाच्या हातात रिमोट नसणार. टीव्ही बंद करावा? पण बंद केल्याने जे व्हायचंय ते थोडंच टळतं, नुसतं दिसायचं थांबतं. त्याने घड्याळ बघितलं. छत्तीस उरले. आणि मग त्याचं वजनकाटेवाल्याचं डोकं चालायला लागलं. कॅसेटने काय दाखवलंय? दादा रिमोट सोडणार, एवढंच. का सोडणार, ते कुठे दाखवलंय? माणूस रिमोट हजार कारणांनी सोडतो. त्यातलं एखादं साधंसं कारण आपणच पुढे केलं तर?

"दादा, चहा टाक ना."

"आत्ता?"

"आत्ताच. घसा सुकलाय."

"तू टाक. माझी जिंकायची वेळ आलीय."

"तुझ्या हातचा पाहिजे," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

दादाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "हा का उभा राहिलाय?"

"तू चहा करायला गेलास म्हणून."

दादा खो खो हसला. "म्हणजे मी जाणार हे वरून ठरूनच आलंय! मग कशाला हुज्जत घालतोय मी?" गुडघ्यावर हात टेकून तो उठला, रिमोट खुर्चीवर ठेवला, जाता जाता धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली. धाकट्याने घड्याळाकडे बघितलं. बरोबर पंचेचाळीस.

स्वयंपाकघरात नळ सुटला, पातेलं ठेवल्याचा आवाज आला, लायटर दोनदा खटकला. दादा काहीतरी गुणगुणत होता. धाकट्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. जमलं! चहावर भागलं! त्याला इतकं हलकं वाटलं, की तो एकटाच हसायला लागला.

६

वेणीवाला अजून खेळत होता. उभ्या राहिलेल्या टकल्याभोवती बागडत होता, उगाच हवेत लाथा मारत होता. टकल्याला मात्र मारत नव्हता, कारण जागेवर नसलेल्याला मारायचं नाही हा दोघा भावांचा जुना नियम. धाकट्याची बोटं त्याच्यामागून चालली होती.

वेणीवाल्याने उंच उडी घेतली, हवेतच लाथ काढली, खाली उतरला. आणि उभा राहिला. गुडघे वाकलेले, खांदे वरखाली.

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. आपण थांबलो, त्याने स्वतःला समजावलं. चहा आला असेल. पण चहा आला की धाकटा आधी 'थांबा'चं बटण दाबायचा, चित्र गोठायचं, मग रिमोट खाली ठेवायचा. चाळीस वर्षांत त्याने चालत्या लढतीत रिमोट एकदाही सोडला नव्हता. इथे चित्र गोठलं नव्हतं. कारंजं वाहत होतं, फेरीचं घड्याळ उलटं चाललं होतं, आणि दोन्ही पैलवान वाऱ्यावर सोडल्यासारखे उभे होते. म्हणजे पाऊण मिनिटाने काहीतरी ऐकू येणार होतं, की ज्यापुढे सवय, नियम, काहीच आठवणार नव्हतं.

तो ऐकू यायची वाट बघत बसला नाही. रिमोट खुर्चीवर टाकून उठला आणि खिशातून फोन काढत स्वयंपाकघराच्या बोळातून धावला. धावताना रुग्णवाहिकेचा नंबर लावला.

दादा ओट्याशी उभा होता. धडधाकट, हातात गाळणं. "काय रे, दम नाही का? उकळू दे तरी."

धाकट्याने गॅस बंद केला, फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि दादाच्या काखांखाली दोन्ही हात घालून त्याला घट्ट धरलं.

"अरे, हे काय लाडात येणं?"

"खाली बस. हळूहळू. माझ्या आधाराने."

"कशाला पण? मला काही..." दादा बोलता बोलता थांबला. त्याची हनुवटी धाकट्याच्या खांद्यावर होती, तोंड बोळाकडे. बोळाच्या पलीकडे बाहेरची खोली सरळ दिसायची. "तू इथे आलास," तो म्हणाला. "मग तिथे कोण खेळतंय?"

तेव्हा धाकट्यालाही ऐकू आलं. खट, खटखट, खट. बटणं. पडद्यावर लाथा हवेत फिरल्याचा आवाज आता येत नव्हता, ते सगळं तिथे आधीच होऊन गेलं होतं. नुसती बटणं वाजत होती, आणि वाजण्याची लय त्याच्या ओळखीची होती, कारण ती त्याच्याच अंगठ्याची होती.

"दादा, बस खाली."

"तू तिथे बसलायस," दादा म्हणाला. घाबरून नव्हे. क्रेनच्या खोलीतून खालचं बंदर पहिल्यांदा बघणाऱ्या धाकट्याचा आवाज तेव्हा असाच निघाला होता. "खुर्चीत. पाठमोरा. अरे, तुझी पाठ किती वाकलीय... आणि तो दिवा लागतोय बघ, लाल."

धाकट्याला वळून बघायचं होतं. जन्मात इतकं कशासाठी डोळे आसुसले नव्हते. पण वळायचं तर एक हात सोडावा लागला असता. त्याने सोडला नाही. दादाच्या पाठीवर त्याने बोटं बोटांत अडकवली आणि डोळे मिटून घेतले.

"केवढं हे," दादा पुटपुटला. मग त्याचा श्वास मध्येच अडला. गाळणं हातातून सुटून फरशीवर खणखणत गेलं.

बाहेरच्या खोलीत रिमोट जमिनीवर पडला.

"उठलास," दादा म्हणाला, अगदी खोल गेलेल्या आवाजात. "येतोयस."

आणि त्याचं सगळं वजन धाकट्याच्या हातांवर आलं. क्रेन चालवणाऱ्या त्या दणकट माणसाचं सगळं वजन. ओट्याची दगडी कड दादाच्या डोक्यापासून वीतभर लांब होती. धाकट्याने गुडघे वाकवले, दात आवळले, पेललं. बोळातून अनवाणी पावलं धावत येत होती. उजवी टाच जरा जोरात पडत होती, धाकट्याची पडते तशी. पावलं दारापर्यंत आली आणि थबकली, पाठीमागे, हातभर अंतरावर.

त्याने वळून बघितलं नाही. दादाला हळूहळू खाली टेकवलं, डोकं मांडीवर घेतलं. मागे दारात कोणीतरी धापा टाकत उभं होतं. मग त्या कोणीतरी एक लांब श्वास सोडला. उशीर झाला या भीतीने धावत आलेल्या माणसाला उशीर झालेला नाही हे दिसलं, की तो जसा सोडेल तसा. त्यानंतर दारात काही आवाज नव्हता.

"हॅलो," ओट्यावरचा फोन बोलला. "ऐकू येतंय का? पत्ता सांगा."

धाकट्याने पत्ता सांगितला, मजला सांगितला, दार उघडंच आहे असंही सांगितलं. त्याचा तळवा दादाच्या छातीवर होता आणि खाली ठोके लागत होते, वेडेवाकडे, पण लागत होते. दादाच्या मुठीत त्याची कॉलर होती. रुग्णवाहिकेची माणसं वर आली तेव्हाही ती मूठ सुटली नव्हती, आणि त्यांना दोघांना तसंच, बरोबर, खाली न्यावं लागलं.